निउए, मेंढा आणि आपल्या गावातलं सरकार

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातला पहिला संच १९७४ साली सुरू झाला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला दक्षिण प्रशांत महासागरातल्या निउए नावाच्या पॉलिनेशियन बेटावर स्वतःचं सरकार आलं. आज त्या बेटावर दोन हजारांच्याही आत माणसं राहतात. कोराडीची वस्ती त्याहून कितीतरी मोठी. तरीही निउएला स्वतःची विधानसभा, पंतप्रधान आणि राज्यघटना आहे.

निउए म्हणजे समुद्रातून वर उचललं गेलेलं प्रवाळाचं खडकाळ पठार. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. सच्छिद्र चुनखडीत पाऊस जिरून जातो, त्यामुळे बेटावर एकही नदी नाही. गावं चौदा. विधानसभेच्या वीस जागांपैकी चौदा या गावांच्या, एकेका गावाला एक. उरलेल्या सहा सगळ्या बेटाने मिळून निवडायच्या. शेजाऱ्याला थेट विधानसभेतच पाठवायचं, असा हा कारभार. जमीन कुटुंबांच्या सामाईक मालकीची. बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही.

न्यूझीलंडशी त्यांचं नातं ‘मुक्त सहयोगा’चं आहे. कायदे निउएचे, संरक्षणाची जबाबदारी न्यूझीलंडची. आवश्यक ती आर्थिक आणि प्रशासकीय मदत देणंही न्यूझीलंडला कायद्याने बांधलेलं. निउएचे लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत, आणि बेटाची खरी गळती इथेच लागली. १९६०च्या दशकात बेटावर पाच हजारांवर वस्ती होती. १९७०मध्ये विमानतळ झाला आणि वाट सोपी झाली. जानेवारी २००४मध्ये हेटा चक्रीवादळाने राजधानी आलोफीची दैना केली, तेव्हा आणखी काहींनी घर सोडलं. आता न्यूझीलंडमध्ये मूळच्या निउएकरांची संख्या बेटावरच्यांच्या कितीतरी पट आहे.

स्वराज्याचा असाच प्रयोग आपल्या विदर्भातही झाला आहे, पण तिथली अडचण उलटी होती. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने दोन सवयी लावून घेतल्या. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचा. आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा.

मेंढ्यात माणसं होती, हक्क नव्हता. वनहक्क कायदा २००६ सालचा. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू तोडला तरी तो बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबूचा पैसा ग्रामसभेकडे येऊ लागला. २०१३मध्ये गावकऱ्यांनी ग्रामदान करून आपापली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. जमीन बाहेर जाऊ द्यायची नाही, हे निउएने आणि मेंढ्याने एकमेकांची ओळखही नसताना ठरवलं.

या दोन्हींच्या शेजारी कोराडी ठेवून पाहावी. मे २०२३मध्ये इथे ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. राख, धूर, पाणी यांवर लोक बोलले. पण सुनावणीत लोकांनी म्हणणं मांडायचं असतं. निर्णयाचा अधिकार दुसरीकडे असतो. ग्रामसभा आणि सुनावणी यांतला फरक तो हाच.

‘एवढ्याशा गावाला कुठे कारभार झेपतो?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. निउए आणि मेंढा पाहिल्यावर तो मोडीत काढायला हरकत नाही. लहानपण आड येत नाही. आड येतात त्या दोन गोष्टी : हातात साधन नसणं आणि गावात माणूस न उरणं. मेंढ्याने पहिलीवर वाट काढली. निउए दुसरीशी अजून झगडतं आहे. विकेंद्रीकरणाच्या चर्चेत आपण अधिकारांच्या याद्या करतो. त्यांत बांबूच्या परवान्याइतकी ठोस गोष्ट किती, आणि गावातल्या तरुणाला गावातच राहावंसं वाटेल असं किती, हे आधी मोजायला हवं.