नवी ट्रॉली बांधताय? साट्याच्या आधी ॲक्सल आणि ब्रेक ठरवा



टोमॅटोचा हंगाम जवळ आला की ट्रॉली बांधून घ्यायची घाई सुरू होते. बांधणाऱ्याकडे गेल्यावर बोलणं होतं ते साट्याची लांबी-रुंदी, फाळके आणि रंगाचं. ॲक्सल "नेहमीचा टाका" आणि ब्रेक "नंतर बघू". आपला माल मात्र पाणंदीतून, ओढ्याच्या उतारावरून बाहेर येतो. तिथे साटा नाही, या दोनच वस्तू ट्रॉली सांभाळतात. म्हणून आजचा मेसेज थोडा लांब आहे, पण ऑर्डर देण्याआधी वाचा.

आधी वजन मांडा. 200 क्रेट टोमॅटो, क्रेटमागे 20 ते 22 किलो, म्हणजे 4 ते साडेचार टन माल. त्यात रिकाम्या क्रेटचं वजन आणि ट्रॉलीचं स्वतःचं टनभर वजन धरलं की आकडा 6 टनांच्या आसपास जातो. दोन चाकी ट्रॉलीत यातला साधारण दहावा हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, बाकी सव्वापाच-साडेपाच टन एकट्या ॲक्सलवर. शिवाय खड्ड्यात चाक आदळलं की तो भार क्षणभर दुप्पट-अडीचपट होतो. डांबरीवर वर्षभर टिकलेला ॲक्सल पाणंदीत एका पावसाळ्यात वाकतो तो यामुळेच.

चौकोनी भरीव ॲक्सल 65 मिमीचा आणि 75 मिमीचा शेजारी ठेवला तर डोळ्याला फार फरक दिसत नाही. पण वाकण्याला विरोध करायची ताकद जाडीच्या घनाने वाढते. म्हणजे 65 ऐवजी 75 घेतला की ताकद दीडपट होते. लोखंड किती वाढतं? सहा फुटी ॲक्सलला साधारण 20 किलो. एवढ्यासाठी काटकसर करू नका. वर सांगितलेल्या वजनाला आमचं मत स्पष्ट आहे: 75 च्या खाली जाऊ नका, आणि त्याच ट्रॉलीत ओलं शेणखत किंवा मुरूम वाहणार असाल तर 80 घ्या.

जाडीइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाटे कुठे बसवले. पाटा चाकापासून जितका आत, तितका ॲक्सल जास्त वाकतो. 20 सेंटिमीटरऐवजी 30 सेंटिमीटर आत बसवला की ताण थेट दीडपट, म्हणजे जाड ॲक्सलचा सगळा फायदा गेला. टायर पाट्याला घासणार नाही एवढी जागा सोडून पाटे बाहेर घ्यायला सांगा. पाटे यू बोल्टनेच आवळा. ॲक्सलच्या खालच्या अंगाला आडवं वेल्डिंग अजिबात नको, सगळ्यात जास्त ताण त्याच बाजूला असतो. बेअरिंगसाठी टोक जिथे लेथवर बारीक केलेलं असतं तिथला कोपरा काटकोनी नको, गोलाई हवी. तडा तिथूनच सुरू होतो.

भंगारातला जुन्या ट्रकचा ॲक्सल बरेच जण विचारतात. वाईट नाही. हब, ड्रम, ब्रेक सगळं त्याच्याबरोबर येतं. पण रुंदी जुळवायला मधून कापून जोडलेला असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आता ब्रेक. दहा फुटाला एक फूट उतार असेल तर 6 टनांची ट्रॉली जवळजवळ 600 किलोच्या जोराने ट्रॅक्टरला मागून ढकलते. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास, आणि बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. चिखल असला, त्यात थोडं वळण आलं, की ट्रॉली ट्रॅक्टरची मागची बाजू एका अंगाला ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. त्या वेळी ड्रायव्हर कितीही हुशार असो, त्याच्या हातात काही उरत नाही. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवा तो यासाठी.

दांडीवर चालणारा ब्रेक, ज्याला ओव्हररन म्हणतात, स्वस्त आहे आणि कुठल्याही ट्रॅक्टरला चालतो. ट्रॉली पुढे रेटली की दांडी आत सरकते आणि ब्रेक लागतो. खोट दोन ठिकाणी. रिव्हर्स घेताना तो आपोआप लागतो म्हणून खिटी घालून बंद करावा लागतो, आणि खिटी काढायची राहिली की पुढे उतारावर ब्रेक नाहीच. दुसरं, चढावर ट्रॅक्टर बंद पडून मागे येऊ लागला तर हा ब्रेक काम करत नाही, कारण तेव्हा दांडी आत दाबली न जाता ओढली जाते. त्यामुळे या ब्रेकबरोबर हातब्रेक आणि चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे हवेतच.

ट्रॅक्टरला ट्रॉली-ब्रेकचा वेगळा व्हॉल्व्ह असेल तर हायड्रॉलिक ब्रेक घ्या, आमची पहिली पसंती तीच. पाय जितका दाबाल तितका ब्रेक लागतो. पण ट्रॉली उचलायच्या पाइपातून फाटा काढून ब्रेक चालवायचा जुगाड नको. त्यात कमी-जास्त करता येत नाही, चाकं एकदम जाम होतात. हवेचा ब्रेक चांगला, पण कॉम्प्रेसर लागतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यांनी तो विचारात घ्यावा.

एक गोष्ट बांधणारे सहसा सांगत नाहीत. चिखलासाठी मोठं चाक चांगलं, पण ड्रम तोच ठेवून 16 च्या जागी 20 चं टायर टाकलं तर ब्रेकची पकड साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते. टायर वाढवलं तर ड्रमही मोठा मागा.

ॲक्सल साट्याच्या मध्यापेक्षा थोडा मागे असू द्या. फार मागे गेला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, पुढे घेतला तर हुक वर उचलला जाऊन मागच्या चाकांची पकड जाते. आणि ऑर्डरआधी आरटीओत चौकशी करा. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे ट्रेलरही वाहनच आहे, नोंदणी लागते.

ट्रॉली ताब्यात घेताना रिकामी दहा किलोमीटर फिरवा. थांबल्यावर हबला जपून हात लावा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक घासतोय, तिथेच दुरुस्त करून घ्या. मग अर्धा माल भरून ओळखीच्या उतारावर ब्रेक बघा. रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक-पेडल खटक्याने जोडलेले ठेवा, उतार खालच्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नाही. ओढा ओलांडल्यावर ड्रम ओले होतात, तेव्हा थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा म्हणजे ते सुकतील.

बांधणाऱ्याने दिलेलं कोटेशन याच नंबरवर फोटो काढून पाठवा. सोबत ट्रॅक्टरचं मॉडेल आणि सगळ्यात अवघड उतार कुठला ते व्हॉइस मेसेजमध्ये सांगा.