लाखी नाणं कुठल्या खाचेत?

यवतमाळ असो की वणी, नाणी जमवायला लागलेल्या पोराचा पहिला अल्बम घरातल्या चिल्लरीतूनच भरत जातो. मांडणी ठरलेली: साल आणि टांकसाळ. सालाखाली चौकट असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, टिंब असलं तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. मग कधीतरी असं नाणं हाती येतं, ज्याच्या दोन्ही बाजूंना सिंहमुद्राच असते. एकीकडे उठावाची, दुसरीकडे उलटी आणि खोलगट.

संग्राहक याला ‘लाखी’ म्हणतात. छापलेलं नाणं ठशाला चिकटून राहतं, यंत्र थांबत नाही, पुढची कोरी चकती येते आणि तिच्या एका बाजूवर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा छाप उमटतो. नाणं घडतं कसं, हे एवढ्या उघडपणे सांगणारी दुसरी वस्तू संग्रहात नसते. म्हणून लाखीला संग्रहात जागा हवीच, पण सालवार रांगेत नव्हे. आजच्या रुपयावर साल आणि टांकसाळीची खूण मूल्याच्या बाजूला असते. लाखीत तीच बाजू उमटलेली नसेल, तर ती कोणत्या सालाच्या खाचेत बसवणार? तिला वेगळं पान द्यावं.

हा निकष जुन्या नाण्यांना मात्र लावू नये. निजाम आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालून गेलेल्या आणि 1853 मध्ये इंग्रजांकडे आलेल्या या वऱ्हाडात नाण्यांचा इतिहास यंत्राच्या कितीतरी आधीचा आहे. शिवराईच घ्या. तांब्याचा तुकडा लहान, ठसा मोठा, घाव हाताचा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण सगळी अक्षरं एकाच नाण्यावर पूर्ण मिळणं दुर्मीळच. अक्षर कापलं गेलं म्हणून कोणी शिवराईला चुकीचं नाणं म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

नक्षीतला दोष ही आणखी वेगळी गोष्ट. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी मागे घ्यावी लागली आणि 1912 मध्ये हत्तीची सोंड नीट कोरली गेली. ठसा अधिकृत होता, तेव्हा हा रुपया मुख्य रांगेतलाच. दहाच्या नाण्याचंही तेच. दहा रेषांचं खरं की पंधरा रेषांचं, या वादात दुकानदार नाणी नाकारू लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला जानेवारी 2018 मध्ये चौदाही नमुने वैध असल्याचं जाहीर करावं लागलं.

लाखी विकत घेताना मात्र भिंग हवंच. दोन नाणी वाइसमध्ये आवळून खोटी लाखी करता येते. तशा नाण्याच्या दुसऱ्या बाजूचा उठाव दबून चपटा झालेला असतो. खऱ्या लाखीची ती बाजू ठसठशीत असते.