स्विफ्ट वेगवान की रोडस्टर? गेममधल्या गाड्यांची तुलना करायची कशी

मधल्या सुट्टीत मुलांचे वाद कानावर पडले की आम्हा शिक्षकांच्या दोन गोष्टी लक्षात येतात. एक, रेसिंग गेममधल्या गाड्यांची माहिती त्यांना धड्यातल्या माहितीपेक्षा जास्त पाठ असते. दोन, त्यांचा वाद कधीच मिटत नाही. एक म्हणतो माझी कार फास्ट, दुसरा म्हणतो माझी. आकडे दोघांकडेही असतात, पण एकाने मोजलेलं असतं एका ट्रॅकवर आणि दुसऱ्याने भलत्याच टायरवर. अशी तुलना शंभर वेळा केली तरी निकाल लागणार नाही.

घरी अम्मी-अब्बूंची तक्रार वेगळी असते: पोरगं स्क्रीनसमोरून उठतच नाही. वेळेची मर्यादा हवीच, त्यावर दुमत नाही. पण ठरवून दिलेल्या तासाभरात मूल नुसती बटणं दाबतंय की काही तपासून बघतंय, हा फरक फार मोठा आहे. गाडी ट्यून करणं आणि दोन गाड्यांची नीट तुलना करणं यात आठवी ते दहावीचं बरंच विज्ञान आणि गणित लपलेलं आहे. ते बाहेर कसं काढायचं, ते आज पाहू.

गेम कोणता, आकडा कोणता

उदाहरणासाठी आम्ही ‘ग्रान टुरिस्मो’ घेतो. काझुनोरी यामाउची यांच्या टीमने बनवलेला या मालिकेचा पहिला गेम डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशनवर आला. आता चालू असलेला ‘ग्रान टुरिस्मो ७’ मार्च २०२२ मध्ये आला. यात गाड्या खऱ्या कंपन्यांच्या आहेत आणि त्यांचं वजन, ताकद, चालणारी चाकं हे सगळं खऱ्या गाडीवरून घेतलेलं आहे.

गेम प्रत्येक गाडीला एक आकडा देतो, त्याला ‘पीपी’ म्हणतात. ताकद, वजन, टायर, वळणातली पकड अशा अनेक गोष्टींचा हिशेब करून संगणक तो काढतो. मुलं इथेच फसतात. पीपी जास्त म्हणजे गाडी जास्त चांगली, असं त्यांना वाटतं. तो आकडा म्हणजे एक अंदाज आहे. परीक्षेतल्या एकूण टक्क्यांसारखाच. दोन मुलांना ७५ टक्के असतील, पण एक गणितात पक्का आणि दुसरा भाषेत. टक्के सारखे असले तरी मुलं सारखी नसतात.

दोन गाड्या, कागदावर

गेममधल्या दोन साध्या गाड्या घेऊ. पहिली २०१७ ची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट. ही आपल्या रस्त्यावरच्या स्विफ्टची जपानी बहीण, आपल्याकडे शोरूममध्ये मिळत नाही. वजन ९७० किलो, इंजिनची ताकद १४० अश्वशक्ती. दुसरी २०१५ ची माझदा रोडस्टर एस, दोन सीटची उघड्या टपाची गाडी. वजन ९९० किलो, ताकद १३१ अश्वशक्ती.

आता भागाकार करू. ९७० भागिले १४० म्हणजे साधारण ६.९. स्विफ्टची एक अश्वशक्ती ६.९ किलो ओढते. ९९० भागिले १३१ म्हणजे ७.६. रोडस्टरची एक अश्वशक्ती ७.६ किलो ओढते. ओझं कमी तर पळ जास्त, म्हणून कागदावर स्विफ्ट जिंकली.

पण स्विफ्टचं इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि रोडस्टरचं मागची. रोडस्टरचं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं असतं, स्विफ्टचं पुढे जास्त असतं. सरळ रस्त्यावर याने फारसं बिघडत नाही. वळण आलं की सगळा हिशेब पालटतो.

टायरची कमाई आणि खर्च

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. रक्कम ठरलेली आहे. त्यातून ब्रेक लावायचा, त्यातूनच वळायचं आणि त्यातूनच वेग घ्यायचा. एका बाजूला जास्त खर्च केला की दुसऱ्या बाजूला कमी उरणार.

स्विफ्टच्या पुढच्या टायरना दोन कामं एकदम करावी लागतात, गाडी ओढायची आणि वळवायचीही. वळणात असताना जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढच्या टायरचा पगार संपतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडीचं नाक बाहेर जातं. याला अंडरस्टिअर म्हणतात. रोडस्टरमध्ये कामं वाटलेली आहेत, पुढची चाकं वळवतात आणि मागची ढकलतात. पण घाईने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर मागच्या टायरचा पगार संपतो आणि शेपूट घसरतं. हा झाला ओव्हरस्टिअर.

एवढं समजलं की मूल ‘गाडी बेकार आहे’ असं म्हणणं सोडतं. गाडी नेमकी कुठे आणि का चुकतेय, ते सांगायला लागतं. ट्यूनिंग सुरू होतं ते इथून.

काय बदललं की काय होतं

सेटिंगच्या पानावर इतके आकडे असतात की मोठा माणूसही गोंधळेल. सुरुवातीला चारच गोष्टी पुरेत.

टायर: गेममध्ये कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग असे मुख्य प्रकार आहेत आणि प्रत्येकात हार्ड, मीडियम, सॉफ्ट. सर्वात मोठा फरक इथेच पडतो. म्हणूनच तुलनेत सगळ्यात जास्त गडबडही इथेच होते.

गिअर: गिअरच्या सायकलवर चढ चढताना आपण हलका गिअर टाकतो. पाय भराभर फिरतात, जोर मिळतो, पण वेगाला मर्यादा येते. गाडीचंही तसंच आहे. फायनल गिअर छोटा केला की गाडी वळणातून चटकन सुटते, पण लांब सरळ रस्त्यावर तिचा दम संपतो. जपानमधल्या फुजी ट्रॅकची सरळ पट्टी जवळपास दीड किलोमीटरची आहे. त्सुकुबाचा अख्खा ट्रॅकच दोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि वळणांनी भरलेला आहे. एकच गिअर सेटिंग दोन्हीकडे सारखं चालणार नाही.

अँटी-रोल बार: वळणात गाडी एका अंगाला झुकते, ते झुकणं हा बार रोखतो. गेममध्ये याची कडकी १ ते १० अशी बदलता येते, मात्र त्यासाठी आधी सेटिंग बदलता येणारं सस्पेन्शन बसवावं लागतं. साधा नियम असा की ज्या बाजूचा बार कडक कराल, त्या बाजूची पकड थोडी कमी होते. स्विफ्टचं नाक बाहेर जात असेल तर मागचा बार थोडा कडक करून बघायचा. रोडस्टरचं शेपूट घसरत असेल तर मागचा बार थोडा मऊ करायचा.

ब्रेकचा समतोल: ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, बसमध्ये उभे असताना आपण पुढे जातो तसं. त्यामुळे मागची चाकं हलकी होतात. समतोल मागे जास्त सरकवला तर ब्रेक लावताना गाडी फिरू शकते.

या चारही गोष्टींत एक बात समान आहे. फुकटात काहीच मिळत नाही. एका हाताने घेतलं की दुसऱ्या हाताने द्यावं लागतं. ‘सर्वात बेस्ट सेटिंग’ मुलं व्हिडिओत शोधत बसतात, पण अमुक ट्रॅकसाठी आणि अमुक चालवणाऱ्यासाठी बेस्ट, एवढंच ते असू शकतं. एक सावधगिरी मात्र हवी: वजन कमी करण्यासारखे काही बदल एकदा केले की सहज मागे फिरवता येत नाहीत. म्हणून आधी आकडे बदलून बघायचे, मग वस्तू विकत घ्यायच्या.

इन्साफाची तुलना

प्रयोगवहीत आपण मुलांना लिहायला लावतो की एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. गाड्यांनाही तोच नियम.

१. ट्रॅक एकच. टाइम ट्रायलमध्ये खेळायचं, म्हणजे मध्ये दुसरी गाडी येत नाही.

२. दोन्ही गाड्यांना एकाच प्रकारचे टायर. एका मुलाला पेपर सोडवायला तीन तास आणि दुसऱ्याला दीड तास देऊन मार्कांची तुलना कुणी करतं का?

३. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस ही मदत दोन्हींत सारखी.

४. दोन्ही गाड्यांचा पीपी समान करायचा असेल तर गेममध्ये वजन वाढवण्याची आणि ताकद दाबण्याची सोय आहे. मात्र मग आपण मूळ गाड्या तपासत नाही, बरोबरीत आणलेल्या गाड्या तपासतो. वहीत तसं लिहून ठेवायचं.

५. पहिली फेरी सोडून द्यायची आणि पुढच्या पाच फेऱ्यांची वेळ लिहायची. भिंतीला घासलेली किंवा ट्रॅकबाहेर गेलेली फेरी मोजायची नाही.

६. आधी स्विफ्ट, मग रोडस्टर, मग पुन्हा स्विफ्ट. हा नियम मुलं हमखास विसरतात. चालवता चालवता हात बसतो, त्यामुळे नंतर चालवलेली गाडी उगाचच चांगली वाटते. पहिली गाडी पुन्हा चालवली की सुधारणा गाडीची होती की हाताची, ते कळतं.

ट्यूनिंग तपासतानाही हेच करायचं. बार एका घराने बदला, पाच फेऱ्या मारा, लिहा, मगच पुढचा बदल. चार गोष्टी एकदम बदलून वेळ सुधारली तर श्रेय कोणाला द्यायचं, ते कधीच कळणार नाही.

आकडे वाचायचे कसे

समजा त्सुकुबावर स्विफ्टच्या पाच फेऱ्या अशा आल्या: ७०.२, ६९.८, ६९.९, ७०.१ आणि ६९.७ सेकंद. रोडस्टरच्या अशा: ७१.४, ६९.२, ७०.८, ७२.० आणि ६९.९. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्या घरी वेगळे येतील.

मूल लगेच सांगेल, रोडस्टर जिंकली, तिची ६९.२ ही सर्वांत कमी वेळ. आता आकडे लहान-मोठे लावून मधला आकडा काढू. शाळेत यालाच मध्यक म्हणतात. स्विफ्टचा मध्यक ६९.९, रोडस्टरचा ७०.८. सर्वात चांगल्या आणि सर्वात वाईट फेरीतलं अंतर बघितलं तर स्विफ्टचं ०.५ सेकंद आणि रोडस्टरचं तब्बल २.८.

म्हणजे निकाल प्रश्नावर ठरतो. एकच फेरी मारायची असेल तर रोडस्टरमध्ये जास्त वेग लपलेला आहे. दहा फेऱ्यांची शर्यत असेल तर स्विफ्ट भरवशाची. आणि ट्यूनिंगचं कामही आपोआप समोर येतं. रोडस्टरला आणखी ताकद नको, तिचं शेपूट शांत करायला हवं. ताकद वाढवली तर घसरणं आणखी वाढेल. मधल्या सुट्टीतला वाद मिटवायला ही दोन ओळींची वही पुरते.

मार्कांकडेही असंच बघायला हवं, असं आम्ही पालकांना सांगू. एका चाचणीतला सर्वात मोठा आकडा बघून खूश होऊ नका आणि एका घसरणीने रागावू नका. पाच चाचण्यांचा मध्यक बघा.

पैशांची गोष्ट

या गेममध्ये गाड्या आणि पार्ट घ्यायला ‘क्रेडिट’ लागतात. ते शर्यती जिंकून मिळतात, पण खऱ्या पैशांनीही विकत घेता येतात. म्हणून खात्याला कार्ड जोडून ठेवू नका आणि खरेदीवर पासवर्ड लावा. ट्यूनिंग शिकायला महागडी गाडी लागत नाही. स्विफ्टसारख्या साध्या गाडीवर बदल जास्त चांगले समजतात.

स्क्रीन आणि रस्ता

गेम खेळून खरा रेसर होता येतं का, असं मुलं विचारतात. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये ‘जीटी अकॅडमी’ ही ग्रान टुरिस्मोवरची स्पर्धा जिंकला आणि २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात त्याच्या टीमने तिसरा क्रमांक मिळवला. मात्र मधल्या काळात त्याने खऱ्या गाड्यांवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली मेहनत घेतली होती. आणि याच मार्डनबरोची गाडी २०१५ मध्ये जर्मनीच्या न्यूर्बुर्गरिंगवर हवेत उडून प्रेक्षकांच्या बाजूला गेली, तेव्हा एका प्रेक्षकाचा जीव गेला. बंद ट्रॅक, तयार ड्रायव्हर, सगळी सुरक्षा असूनही.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. गेममध्येही आणि मोहल्ल्याच्या रस्त्यावरही. फरक इतकाच की गेममध्ये शर्यत पुन्हा सुरू करता येते.

कायदाही माहीत असू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी एक वर्षासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यालाही हा कायदा मनाई करतो.

म्हणून बाईकच्या चावीसाठी हट्ट करणाऱ्या मुलाला नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही. त्याच्या शेजारी बसा, वही उघडा आणि विचारा, मागचा बार एका घराने मऊ केला तर मध्यक किती कमी झाला? उत्तर देता देता पकड, वजन आणि ब्रेक यांचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसेल. १८ पूर्ण झाल्यावर तो खऱ्या स्टिअरिंगवर बसेल, तेव्हा हाच हिशेब त्याच्या उपयोगी पडणार आहे.