शाखा नसलेली बँक

एप्रिल २०१६मध्ये सिंगापूरच्या डीबीएस बँकेने मुंबईत ‘डिजिबँक’ सुरू केली. शाखेची पायरी न चढता व्यवहार मोबाईलवर, ही तिची ओळख. अशा बँकेकडून खातेदाराला नेमके काय हवे असते? चटकन उत्तर मिळते, वेग. मला ते अपुरे वाटते. पैसे सुरळीत पोचतात तोवर वेगाचे कौतुक. खात्यातून कापलेली रक्कम समोरच्याला मिळाली नाही, की माणूस खिडकी शोधू लागतो, कारण खिडकीमागे जाब विचारायला कोणीतरी असते.

ॲपमध्ये ती उणीव नियमाने भरून काढावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पाठवलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता.

हा नियम किती खातेदारांना ठाऊक असतो? निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याचे अडकलेले दोन हजार म्हणजे महिन्याची औषधे. रक्कम कुठे अडकली, कधी परत येईल, कोणाशी बोलायचे, हे त्याला पहिल्याच पडद्यावर, मराठीत दिसावे. माझ्या मते ग्राहकाची खरी मागणी एवढीच आहे.