आक्षीचा दगड कोरण्याआधी

अलिबागजवळच्या आक्षीत शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. एका साध्या गुणाकाराने मला त्याची आठवण करून दिली.

२०११ च्या जनगणनेत, अलिबाग ज्यात येतं त्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२००. त्यातले प्रौढ निदान सतरा लाख धरू. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, तेव्हा १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. ज्या बारा राज्यांत पाहणी झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी तीच टक्केवारी इथे लावली तर १,८०,२०० माणसं होतात. प्रत्येकासोबत समुपदेशनाच्या आठ बैठका, म्हणजे १४,४१,६०० बैठका. एका समुपदेशकाने दिवसाला पाच आणि वर्षाला अडीचशे दिवस काम केलं, तर हे संपायला ११५३ वर्षं लागतील. आज मोकळं व्हायचं तर त्याला शिलाहार राजांच्या काळात, आक्षीचा दगड कोरला जाण्याच्या जवळजवळ एकशे चाळीस वर्षं आधी खुर्चीत बसावं लागलं असतं. तेही, मधल्या काळात एकही नवा माणूस खचला नाही असं धरून.

आणि इथे माणसं खचतातच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं घरातली काळजीही वाढत राहते. पण ‘मला नैराश्य आलंय’ असं कोणी म्हणत नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’ म्हणतात आणि झोपेची गोळी मागतात.

नैराश्य मोजायला जगभर नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात. मागचे दोन आठवडे कसे गेले, एवढंच त्यात विचारतात. गुण शून्य ते सत्तावीस. सहावा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. आपण वाया गेलो, घरच्यांना मान खाली घालायला लावली, असं वाटतं का, असा त्याचा आशय. आत्मविश्वास ढासळणं हा काही वेगळा आजार नव्हे, पण नैराश्याच्या मोजमापात त्याला ही हक्काची जागा आहे.

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, फेब्रुवारी २०२५ पर्यंत १८ लाखांहून जास्त फोन आले. म्हणजे रात्रंदिवस, दर चाळीस सेकंदांना एक. हा परिच्छेद वाचून होईपर्यंत कुठेतरी एकाने फोन लावलेला असेल.

मग ११५३ वर्षांचं काय? ११५३ माणसं एकदम बसली तर तेच काम एका वर्षात होतं. रायगडात गावंच याहून जास्त आहेत. आणि ही माणसं डॉक्टरच हवीत असंही नाही. शेजारच्या गोव्यात, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ‘संगाथ’ या संस्थेने गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशन शिकवून तयार केलं. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवरचा तो अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा ते आठ बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत सावरले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के. हा आकडा वाचून मला खरोखर धीर आला.

अडचण उरते ती मोकळेपणी बोलायच्या जागेची. किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात माझी मैत्रीण राहते. दोन खोल्या, सात माणसं. भिंतीला कान असतात म्हणतात. तिच्याकडे मधे भिंतही नाही, पडदा आहे. म्हणून दर गुरुवारी पाच वाजता समुपदेशकाशी फोनवर बोलायला ती दुरुस्तीसाठी वर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला जाऊन बसते. कानात इअरफोन, डोक्यावर पदर, आणि वाऱ्याची घरघर पलीकडे जाऊ नये म्हणून फोनच्या माइकपाशी ओंजळ. पहिल्या दोन वेळा ती नुसती ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणाली. तिसऱ्यांदा सहाव्या प्रश्नापाशी थांबली आणि मग बराच वेळ बोलत राहिली. पलीकडची बाई मधे एकदाच म्हणाली, “सावकाश, मी इथंच आहे.”

चाळीस मिनिटांनी ती उठली, साडीवरची वाळू झटकली आणि बांबूवर वाळत घातलेले बोंबील काढायला गेली.