आठवडाभराचा खेळ, 754 गुण

इंग्लंडची रग्बीपटू एमिली स्कॅरट 2008 ते 2025 या काळात 119 आंतरराष्ट्रीय सामने खेळली. रग्बीचा सामना 80 मिनिटांचा. प्रत्येक सामन्यात ती पहिल्यापासून शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानावर होती असं धरलं, तरी बेरीज होते 9,520 मिनिटं. म्हणजे 159 तासही पूर्ण होत नाहीत. सलग मोजले तर सात दिवस भरत नाहीत! अठराव्या वर्षी सुरू झालेली सतरा वर्षांची कारकीर्द, आणि देशासाठीचा प्रत्यक्ष खेळ आठवड्याहूनही कमी.

तेवढ्या वेळात तिने 754 गुण मिळवले. इंग्लंडच्या महिला रग्बीतला हा विक्रम आहे. सरासरी काढा: सामन्यामागे सहाहून अधिक गुण, दर तेरा मिनिटांच्या आत एक. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय, त्याचे 5 गुण. त्यानंतरच्या कन्व्हर्जनचे 2 आणि पेनल्टी किकचे 3. किक जायला हवी 5.6 मीटर अंतरावरच्या दोन खांबांमधून, 3 मीटर उंचीच्या आडव्या दांडीवरून. कुणी धावण्यात तरबेज असतं, कुणी किक मारण्यात. स्कॅरट दोन्हींत होती. 2014 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने कॅनडाला 21-9 असं हरवलं. त्या 21 पैकी 16 गुण तिचे. एक ट्राय, एक कन्व्हर्जन, तीन पेनल्टी.

आता उलट्या बाजूचा हिशेब. ती विश्वचषकाचे चार अंतिम सामने खेळली, त्यांतले तीन इंग्लंडने न्यूझीलंडविरुद्ध गमावले. 2010 मध्ये 10-13, 2017 मध्ये 32-41, 2022 मध्ये 31-34. पहिल्या आणि शेवटच्या पराभवात फरक फक्त तीन गुणांचा, म्हणजे एका पेनल्टी किकचा. तिन्ही पराभवांतलं अंतर एकत्र केलं तरी 15 गुण. जिने साडेसातशेवर गुण कमावले, तिच्या तीन विश्वचषकांचं भवितव्य पंधरा गुणांनी ठरलं.

या काळात प्रेक्षकांची संख्या कशी फुगली ते पाहा. 2010 चा अंतिम सामना लंडनमध्ये 13,253 जणांनी पाहिला. 2022 मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर 42,579 जण होते. 27 सप्टेंबर 2025 च्या अंतिम सामन्याला लंडनच्या ट्विकनहॅमवर 81,885. जवळपास अडीच वानखेडे भरतील एवढे लोक! पंधरा वर्षांत सहापट. त्या स्पर्धेची एकूण 4 लाख 40 हजारांहून अधिक तिकिटं विकली गेली.

त्या दिवशी इंग्लंडने कॅनडाला 33-13 असं हरवून विश्वचषक परत मिळवला. स्कॅरट संघात होती, तिचा तो पाचवा विश्वचषक. पण अंतिम सामन्यात ती खेळली नाही. पुढच्याच महिन्यात ती निवृत्त झाली.

इंग्लंडच्या 28 खेळाडूंना पूर्णवेळ पगारी करार मिळाले ते 2019 मध्ये, म्हणजे स्कॅरटच्या पदार्पणानंतर अकरा वर्षांनी. आज संघात येणाऱ्या मुलीला पगार, प्रशिक्षक आणि भरलेलं मैदान पहिल्या दिवसापासून मिळतं. 754 चा विक्रम कधीतरी मोडेलही, आणि तो मोडणाऱ्या मुलीला ही सगळी ताकद स्कॅरटच्या पिढीनेच मिळवून दिलेली असेल.