पाच वार, आठ पावलं

सकाळचे साडेनऊ. इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेट गावात ऑगस्टचं ऊन आत्ताच मानेला चटके देतंय. मैदानाच्या कडेला पत्र्याच्या पायऱ्यांवर ताई आणि मी पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलो आहोत. समोर हिरवळीवर पर्ड्यू विद्यापीठाचा मार्चिंग बँड. तीनशेच्या वर पोरं, अर्ध्या चड्ड्या, टोप्या, नाकांवर सनस्क्रीनचे पांढरे पट्टे. यातच कुठेतरी क्लॅरिनेट घेऊन माझी भाची आहे. अर्धा तास झाला, एक सूर वाजलेला नाही. कर्ण्यातून मेट्रोनोमची टकटक तेवढी येतेय आणि सगळे नुसते चालताहेत.

"वाजवणार कधी रे हे?" ताई विचारते.

ताईला इकडे येऊन बावीस वर्षं झाली, पण बँड म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे अजून वरातीपुढचा लाल कोटच येतो. गेल्या वर्षी लेकीने फोनवर "मी बँडमध्ये जातेय" म्हणून सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली ते हेच, "आता अभ्यासाचा बँड वाजणार." दुसरी भीती अशी, की ही मेकॅनिकल सोडून संगीताच्या नादी लागेल. ती भीती निदान या विद्यापीठात तरी फुकट आहे. पर्ड्यूत स्कूल ऑफ म्युझिकच नाही. समोर घाम पुसणारी पोरं इंजिनियरिंगची, फार्मसीची, शेतकीची. नील आर्मस्ट्राँगही इथल्याच बँडमध्ये बॅरिटोन वाजवायचा आणि 1955 साली विमानविद्येची पदवी घेऊन बाहेर पडला. भाचीने हा हुकमाचा एक्का तेव्हाच टाकून पाहिला होता. ताईचं उत्तर तयार होतं, "तो चंद्रावर गेला, तू आधी थर्मोडायनॅमिक्समधून बाहेर ये."

टकटक थांबते. पाणी प्यायची सुट्टी. भाची आमच्याकडे धावत येते, गळ्यात दोरीने बांधलेली चिटोऱ्यांची वही. मी ती उलटून पाहतो. स्वरलिपी असेल म्हणून डोळे बारीक करतो, तर नुसते आकडे. पस्तिसाच्या रेषेबाहेर दोन पावलं, पुढच्या खुणेच्या मागे सहा. खाली पुढची जागा, तिथे पोचायला सोळा ठोके. एका कार्यक्रमात अशा कितीतरी जागा, प्रत्येकाच्या वेगळ्या आणि सगळ्या पाठ.

"मामा, पाच यार्डांना आठ पावलं. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच. उंच असो नाहीतर बुटका, सगळ्यांचं तेवढंच."

"म्हणजे पाचवारी साडीत आठ पावलं," ताई म्हणते. यार्ड म्हणजे आपला वारच. शंभर वारांच्या मैदानात वीस साड्या टोकाला टोक लावून बसतील, हा हिशेबही ती लगेच करून टाकते.

मी स्वतः पुण्यात सहा वर्षं पथकात ढोल वाजवलाय. त्यामुळे विमानातून उतरलो तोच जरा ऐटीत. नदीकाठी दोन महिने सराव केलेल्या माणसाला हे काय शिकवणार? पथकातही रांग असते, ताल तर असतोच. पण ढोल वाजवताना मी कुठे उभा आहे याचा इंचांत विचार कधी केला नव्हता. अंगात आलं की दोन पावलं पुढे जायचो, शेजारचा सरकून घ्यायचा. इथे शेजारचा सरकला तर रेषाच मोडते.

"सूर चुकला तर तीनशे जणांत खपून जातो गं," मी म्हणतो.

"तो खपतो. जागा नाही खपत. वरून सगळं दिसतं." ती मनोऱ्याकडे बोट दाखवते. तिथे छत्रीखाली संचालक माइक घेऊन उभे आहेत.

आमच्या पायऱ्यांजवळच एक काटकुळा मुलगा गवतावर ठेवलेल्या सुझाफोनच्या वेटोळ्यात शिरतोय. आधी डाव्या खांद्यावर पंचाची घडी, मग गुडघा टेकून डोकं आत, मग एका दमात उभा. पितळेचं ते धूड दहा-पंधरा किलोंचं सहज असेल. जॉन फिलिप सूझा या अमेरिकन बँडमास्तराच्या नावावरून या वाद्याचं नाव पडलं. बाप पोर्तुगीज वंशाचा, म्हणून आडनाव आपल्या गोव्यातलं वाटतं. "एवढं महाग वाद्य आईबापांनी घेऊन द्यायचं?" ताई हळूच विचारते. नाही. असली अवजड वाद्यं बहुधा विद्यापीठाचीच असतात. भाचीची क्लॅरिनेट मात्र घरची, आठवीत घेतलेली.

एक बँड पाहिला म्हणजे सगळे कळले, असंही नाही. स्टॅनफर्डचा बँड कवायतीची टरच उडवतो. तिथे मुलं रांगा मोडून धावत सुटतात आणि वाद्य न येणाऱ्यालाही आत घेतात. ओहायो स्टेटमध्ये माझ्या भाचीला जागाच मिळाली नसती, कारण तिथे फक्त पितळी वाद्यं आणि ढोल.

ताईची एक भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. रॅगिंगची. 2011 साली फ्लोरिडात एका नावाजलेल्या बँडच्या ड्रम मेजरचा सहकाऱ्यांच्या मारहाणीत जीव गेला. ती बातमी ताईला तारखेसकट आठवते. या पोरांत ती गेले तीन दिवस तेच शोधतेय. कोण कोणावर ओरडतोय, कोण एकटं बसलंय. आत्ता एक थोराड मुलगी नव्या पोरीच्या बुटाची नाडी बांधून देतेय, कारण तिच्या दोन्ही हातांत झांजा आहेत. ताई ते बघते आणि काही बोलत नाही.

शिट्टी. वह्या पाठीमागे जातात, वाद्यं ओठांना. या वेळी टकटक नाही. ड्रम मेजरचा हात खाली येतो आणि पत्र्याच्या पायऱ्या आमच्या बुडाखाली थरथरायला लागतात. रांगा एकमेकींतून पार होतात. आता धडकणार, असं वाटतं तोच एकेका माणसापुरती फट सापडते. फुटबॉलच्या मैदानावर बँडने अक्षर काढायची सुरुवात 1907 साली याच विद्यापीठाने केली, असं इथे अभिमानाने सांगतात. ते अक्षर होतं 'पी'. आम्ही खाली बसलोय, त्यामुळे आम्हाला अक्षरबिक्षर काही दिसत नाही. फटी मिटताना तेवढ्या दिसतात.

"ती बघ," ताई माझं मनगट धरते. पस्तिसाच्या रेषेबाहेर, दोन पावलांवर.

मी मोजतो. दोनच आहेत.

सूर थांबतात. वरून माइकवर आवाज येतो, "पुन्हा." सगळे मागे फिरून आपापल्या पहिल्या जागेकडे पळत सुटतात. ताई बाटलीचं झाकण लावते आणि फोनवर लेकीचं वेळापत्रक उघडून मला दाखवते. पहिला सामना शनिवारी दुपारी बाराला आहे. बँडला सकाळी सहाला हजर राहायचंय.